एकाच कानाची दोन फुलं

घिवलीच्या आमच्या वाचनालयात एक हिरवं लोखंडी कपाट आहे. त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलंय, ‘वय वर्षे बारा ते वीस’. या कपाटातली पुस्तकं सगळ्यांत जास्त कोणी वाचली असं कुणी विचारलं, तर मला खरं सांगावं लागेल, आणि खरं असं की ती चोपन्न वर्षांच्या कमलेश तामोरे या डायमेकरांनी वाचली. हे मी कौतुकानं सांगतेय असं समजू नका. पहिल्या दिवशी मी त्यांना चांगलंच झापलं होतं.

मी हेतल. माहेर सफाळ्याचं, लग्न होऊन इकडे आले त्याला वीस वर्षं झाली. वाचनालय दुपारी चार ते सात मी सांभाळते. माझा राग नाकावर असतो असं गावात म्हणतात, आणि गाव अगदीच खोटं बोलत नाही. पण ही खोली मला आवडते. खिडकीखालीच पाणी. भरती असली की पाण्यावरचा उजेड छतावर येऊन हलत राहतो, पुस्तकांच्या पाठींवरून सरकतो, आणि खोलीच पाण्याखाली गेल्यासारखी वाटते. बाहेर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, लांबून अणुकेंद्राची मंद घरघर. अशा वेळी मी सुद्धा कुणावर ओरडत नाही, ओरडले तरी हळू ओरडते.

कपाट मुंबईच्या एका संस्थेनं दिलं. दर तीन महिन्यांनी खोकं येतं, त्यात वयात येणाऱ्या मुलांसाठीच्या नव्या कोऱ्या कादंबऱ्या. अट एकच, वाचणाऱ्यानं आपली प्रतिक्रिया एका वहीत लिहायची. मी हौसेनं दोनशे पानी जाड वही आणली, तिला कापडी पुठ्ठा घातला. पहिले चार महिने ती कोरीच राहिली. मुलं सकाळच्या एसटीनं बोईसरला कॉलेजला जातात, संध्याकाळी येतात ती मान फोनमध्ये घालून. मी दारात उभी राहून हाका मारायचे, तर “येतो काकी” म्हणून पुढे जायची.

आणि एका दुपारी कमलेशभाय आले. बारीक अंगाचे, खांद्यात जरा वाकलेले. भिंग लावून लावून त्यांचा उजवा डोळा डाव्यापेक्षा बारीक झालाय. बोटांची टोकं कायम करडी. सरळ हिरव्या कपाटापाशी जाऊन उभे राहिले.

“वय काय तुमचं?” मी विचारलं, जसं काही मला माहीतच नव्हतं.

“चोपन्न.”

“मग काय लिहिलंय वर? वाचा बघू.”

त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग म्हणाले, “हेतलबाय, सोळाव्या वर्षी बापानं शाळेतून काढून कामाला बसवला. तवा जे वाचायचं राहिलं ते आता वाचतो. राहिलेल्याला वय असतं काय?”

उत्तर सुचलं नाही की मी जास्त चिडते. हाताला लागलं ते पुस्तक काढून मी टेबलावर आपटलं आणि प्रतिक्रियेची अट अशी सांगितली की माणूस पळूनच जावा. ते म्हणाले, “बरं,” आणि पुस्तक शर्टाच्या आत घालून गेले.

आमच्या पट्ट्यात डायकाम माहीत नाही असं घर नसेल. पोलादाच्या चौकोनी तुकड्यात छिन्नीनं नक्षी खोल कोरायची. सोनार त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून ठोकतो, आणि आत कोरलेलं पत्र्यावर वर उठून येतं. म्हणजे डायमेकरला सगळं उलटं करावं लागतं, खोल ते उंच, डावं ते उजवं. मशिनं आल्यापासून हातकाम करणारे थोडेच उरलेत. कमलेशभाय त्यांतले एक. त्यांच्या घरावरून जाताना खिडकीतून टिक टिक टिक टिक ऐकू येतं, आणि मी रोज त्या आवाजाच्या चालीवर वाचनालयाकडे चालत जाते. कधी कधी वाटतं, तो आवाज थांबला तर मी रस्त्यातच उभी राहीन.

पहिलं पुस्तक त्यांनी चौथ्या दिवशी परत आणलं. शहरातल्या एका मुलाची गोष्ट होती. मोठ्या क्लासला जाणारा हा मुलगा प्रवेशपरीक्षेत नापास होतो आणि तीन महिने घरात कुणाशी बोलत नाही. मला ती फार आवडली होती. मी वही पुढे सरकवली.

“माझं अक्षर नको त्या चांगल्या वहीत,” ते म्हणाले. “मी बोलतो, तू लिव.”

मी लिहिलं. अजून आहे ते पान. ‘पोराच्या मनातलं सगळं लिवलंय. पण पोरगा रोज जेवला का, आणि ताट त्याच्या खोलीत कोण नेऊन ठेवत होतं, ते कुठंच नाय. घरात कोणी बोलत नसलं की सगळं ताटावरच चालतं. लेखकाच्या घरी सगळे बोलत असणार.’

मी कपाळाला आठ्या घातल्या. एवढ्या सुंदर कादंबरीवर हा माणूस ताटाचं काय घेऊन बसलाय! तेवढ्यात त्यांनी खिशातून बोटाच्या पेराएवढा पोलादाचा तुकडा काढला, माझं जांभळ्या शाईचं पॅड ओढून घेतलं, तुकडा त्यावर दाबला आणि प्रतिक्रियेच्या खाली उठवला. जांभळा चौकोन, आणि त्यात पांढरं ताट. डायमधलं खोल ते शाईला लागत नाही, म्हणून कोरलेलं कागदावर पांढरं राहतं. काठाला दाण्यादाण्याची नक्षी होती आणि मध्ये काहीच नव्हतं. रिकामं ताट.

मी त्याच्याकडे बघत राहिले. छतावर उजेड हलत होता. कमलेशभाय कधी निघून गेले ते मला कळलं नाही.

त्यानंतर ती रीतच झाली. पुस्तक वाचायचं, मला चार वाक्यं सांगायची आणि खाली ठसा. बुडालेल्या शहरातली एक मुलगी वाऱ्याला हुकूम देते, अशी जाडजूड कादंबरी आली होती. त्यावर म्हणाले, “वारा हिचं ऐकतो ते मी मानलं. पण शिडाची दोरी जशी बांधलीय तशी बांधली तर पोरगी पहिल्याच दिवशी बुडल.” आणि ठशात एक गाठ, अशी की तिच्यावरून गाठ मारायला शिकता यावं. बर्फाच्या देशातल्या मुलांच्या एका कादंबरीचं भाषांतर त्यांनी अंगणात उन्हात पाय सोडून वाचलं, कारण घरात वाचताना पाय गार पडत होते. त्याचा ठसा म्हणजे नुसती पावलं, लांब जाणारी, पुढे पुढे बारीक होत गेलेली.

आमची भांडणंही व्हायची. माझं म्हणणं, हल्लीच्या या कादंबऱ्यांतली मुलं फार छान बोलतात. इतकं छान कोण बोलतं? माझी पुतणी “हं” आणि “नाही” यापलीकडे बोलत नाही. त्यांचं म्हणणं, “बोलत नायत म्हणून तर लिवतात. बोलली असती तर पुस्तकं कशाला लागली असती?” कॉलेजातल्या दोन मुली एकमेकींच्या प्रेमात पडतात अशी एक गोष्ट होती. ती मी त्यांना देताना जरा चाचरलेच. म्हटलं, आता काय ऐकायला मिळतंय. त्यांनी ती इतर सगळ्या पुस्तकांपेक्षा हळू वाचली. प्रतिक्रिया एकच ओळ सांगितली, ‘पोरींच्या आयांचं एक तरी पान पायजे होतं.’ ठशात छत्री होती, दोन दांड्यांची. मी पुढे पंधरा दिवस छत्री दिसली की आधी दांडी बघायचे.

या ठशांचे फोटो मी काढायचे आणि एका माणसाला पाठवायचे. ही गोष्ट मी कमलेशभायना कधी सांगितली नव्हती.

तो माणूस म्हणजे त्यांची मुलगी स्नेहा. एकुलती एक. सहा वर्षांपूर्वी पुण्याला गेली, तिथे एका छापखान्यात पुस्तकांची मुखपृष्ठं करते. भांडण झालं, दारं आपटली, असलं काहीच नाही. दिवाळीला येते, फराळ करते, परत जाते. रोज आईला फोन करते. शेवटी बायडी, म्हणजे तिची आई, फोन नवऱ्याच्या कानाला लावते. “जेवलात?” “जेवलो. तू?” “जेवले.” झालं. बायडी मला म्हणाली होती, “अकरा वरसं झाली, ही दोघं जेवणाच्या पुढं गेलीच नायत.”

फोटो पाठवला की स्नेहाकडून कधी बदामाचं चित्र यायचं, कधी काहीच यायचं नाही. एकदा तिनं लिहिलं, ‘बाबा सगळ्यांच्या मुलांचं वाचतात, नाही का काकी?’ त्यावर मी नुसता पुढच्या ठशाचा फोटो पाठवला.

मग या हिवाळ्यात तिचा फोन आला. आवाज वेगळाच होता. “हेतलकाकी, खोक्यात एक पुस्तक येईल. ‘खाडीपलीकडची’ नावाचं. ते माझं आहे.”

“तू मुखपृष्ठ केलंस?”

“नाही. लिहिलंय. नाव दुसरंच घातलंय.”

ते दुसरं नाव मी इथे सांगणार नाही. माणसानं मुद्दाम घेतलेलं नाव असतं ते, जपावं लागतं.

“बाबांना द्या,” ती म्हणाली. “माझं आहे हे सांगू नका. बाकीच्या पुस्तकांवर देतात तशी प्रतिक्रिया हवीय मला त्यांची. चांगली, वाईट, कशीही. एवढी एकच हवीय. मग मी पुन्हा काही मागणार नाही.” आणि फोन ठेवला.

पुस्तक आलं ते आधी मीच वाचलं. दोन दुपारी लागल्या. घरातली भांडी तशीच पडली होती. खाडीकाठचं एक गाव, पोलाद कोरणारा एक बाप, आणि मान वर न करणाऱ्या त्या बापाकडे बघत बसणारी त्याची मुलगी. पंधराव्या वर्षी ती चोरून दोन डाय कोरते. कानातल्यांची जोडी. एक फूल आणि त्याला एका बाजूला वळलेलं पान. आता कानातलं म्हटलं की डाव्या कानाचं पान एकीकडे वळायला हवं आणि उजव्या कानाचं दुसरीकडे, तरच जोडी होते. या पोरीनं इतक्या मन लावून पहिल्यासारखीच हुबेहूब दुसरी कोरली, की दोन्ही पानं एकाच बाजूला वळली. दोन्ही फुलं एकाच कानाची! ती अभिमानानं बापापुढे ठेवते. तिथे आणखी दोन कारागीर बसलेले असतात. बाप बघतो आणि हसतो. “एकाच कानाची दोन फुलं! कोण घालणार, अर्धी बाई?” सगळे हसतात. बाप त्या डाय भंगारच्या डब्यात टाकतो, आणि पान एकशे बारावर संध्याकाळी धक्क्यावर जाऊन खाडीत फेकून देतो. मुलगी पाण्यावरची वर्तुळं मोजते. पुढच्या पानापासून ती बापाशी बोलत नाही.

मी रडले. मग मला कमलेशभायचा इतका राग आला, की दोन दिवस त्यांच्या खिडकीवरून जाताना मी तोंड दुसरीकडे केलं. त्या माणसाला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं, ते आपले भिंगातून मान वर करून हात हलवत होते.

मी स्नेहाला फोन केला. “खरंच टाकल्या खाडीत?”

“टाकताना मी पाहिलं नाही,” ती म्हणाली. “पण दुसऱ्या दिवशी भंगारचा डबा पालथा घालून शोधला. नव्हत्या. मग कुठे जाणार?”

कमलेशभाय पुढच्या सोमवारी आले. पुस्तक दिलं. मुखपृष्ठावर पाठमोरी मुलगी आणि पुढे पाणी. त्यांनी ते एकदा सरळ धरलं, एकदा लांब धरलं. “बरं,” म्हणाले आणि शर्टाच्या आत घातलं.

चार दिवस झाले. आले नाहीत. सहा झाले. स्नेहाचा मेसेज, ‘वाचलं?’ मी लिहिलं, ‘वाचतायत.’ नववा दिवस गेला. त्यांच्या खिडकीखालून जाताना मी कान देऊन ऐकायचे. टिक टिक बंद नव्हती, पण तिची चाल मोडली होती. एक टिक. मग इतका वेळ काहीच नाही, की मी विहिरीपर्यंत पोचायचे. मग पुन्हा एक. असं मी त्यांचं काम कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवसांत धुकं पडायचं, समुद्र दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा, आणि मधूनच कुठूनतरी ती एकटी टिक. माझ्या पायांना चालताना ताल सापडेना.

बायडी विहिरीवर भेटली. “जेवायला उठत नाय,” ती म्हणाली. “कसली ऑर्डर हाय एवढी विचारलं तर म्हणतो, जुनं राहिलेलं हाय.”

“आणि वाचतात का?”

“पुस्तक उघडं असतं म्होरं. एकाच पानावर.”

चौदाव्या दिवशी स्नेहानं लिहिलं, ‘राहू दे काकी. पुस्तक परत मागून घ्या. मला कळलं.’ मी वाचनालयाला कुलूप घातलं, तेही साडेचार वाजता, आणि तडक त्यांच्या खिडकीपाशी गेले. मला बघताच त्यांनी समोरच्या तुकड्यावर पालथा हात ठेवला.

“कमलेशभाय, पुस्तकाला मुदत असते.”

“एकशेबारावर अडकलोय,” ते म्हणाले. “पाच दिवस दे.”

एकशेबारा ऐकलं आणि मी तशीच परत फिरले. स्नेहाला काहीच कळवलं नाही. काय कळवणार? तुझा बाप त्याच पानावर बसलाय आणि मान वर करत नाहीये?

एकोणिसाव्या दिवशी ते आले. भर भरती होती. खोली सगळी उजेडानं डुलत होती, त्यांच्या पांढऱ्या शर्टावरूनही पाणी सरकत होतं. पुस्तक टेबलावर ठेवलं. बसले. इतर वेळी ते उभ्या उभ्या सांगतात.

“लिव,” म्हणाले.

मी पेन उघडलं. मान खाली घातली.

“पुस्तक चांगलं हाय. पाणी बरोबर लिवलंय. ओहोटीच्या चिखलाचा वास बरोबर हाय. तो आजपर्यंत एकाही पुस्तकात नव्हता. आई मात्र जास्त गोड झालीय. एवढी गोड नाय ती.”

माझं पेन थांबलं. मी वर बघितलं.

“कधी कळलं तुम्हाला?”

“दुसऱ्या पानावर.” त्यांनी पुस्तक उघडलं, पण वाचलं नाही, त्यांना ते पाठच होतं. “बाप हात न पुसता पोरीच्या डोक्यावर ठेवतो, आणि तिच्या भांगात पोलादाची करडी बोटं उठतात. मग आई ते धुते आणि बापाला शिव्या घालते. हे आमच्या घराबाहेर कोणाला ठाव? मी आपलं भिंग काढलं आणि बसून राहिलो. बायडीला पण नाय सांगितलं.”

मी एवढंच म्हटलं, “तिला तुमची प्रतिक्रिया हवी होती. बाकीच्या पुस्तकांसारखी.”

“तशीच देतोय. लिव. एक चूक हाय. पान एकशेबारा. बापानं त्या डाया खाडीत टाकल्या नाय.”

मी लिहिलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून जुन्या धोतराच्या फडक्याची पुरचुंडी काढली आणि सोडली. आत दोन तुकडे. कडांना गंज चढलेला, पण कोरलेला भाग तेल लावून लखलखीत ठेवलेला. एक फूल आणि वळलेलं पान. दुसऱ्यावर तेच, त्याच बाजूला वळलेलं.

“त्याच सांजेला डब्यातून काढल्या,” ते म्हणाले. “ते दोघं कारागीर उठून गेल्यावर. का काढल्या ते तवा कळलं नाय. दर पावसाळ्यात तेल लावतो. तिला सांगायचं राहिलं. आज सांगू, उद्या सांगू, मग ती बोलंना, मग मी बोलंना. आणि हे पण लिव, बापानं हसायला नको होतं. लिवलंस?”

“लिहिलं.”

“पोरीचा हात चांगला होता. पंधरा वरसांची, कोणी शिकवलं नाय, आणि एवढं खोल कोरलं. एकच सांगायला पायजे होतं, की दुसरं उलटं कर. एक वाक्य. ते सांगितलं नाय आणि हसलो. मला माझी लाज वाटते.”

हे ते अगदी साध्या आवाजात बोलले, भाव सांगावा तसे. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते शाईच्या पॅडकडे बघत लपवलं.

मग त्यांनी तिचा एक तुकडा घेतला, पॅडवर दाबला आणि वहीत उठवला. जांभळ्यात पांढरं फूल. एक पाकळी बाकीच्यांपेक्षा आखूड, छिन्नी सुटली असणार. पानावर एक आडवा ओरखडा. पोरीचं काम, दिसतच होतं. मला वाटलं आता दुसरा तुकडा उठवतील. पण त्यांनी तो फडक्यावर बाजूला ठेवला आणि पँटच्या खिशातून तिसराच काढला. नवा, चकचकीत.

तो त्यांनी पहिल्या ठशाच्या शेजारी, बोटभर जागा सोडून उठवला. तेच फूल. पान दुसऱ्या बाजूला वळलेलं. मी वही जवळ ओढली. तीच पाकळी आखूड होती, आरशात दिसावी तशी. पानावर तोच आडवा ओरखडा, उलट्या बाजूनं आलेला. पस्तीस-अडतीस वर्षं ज्या हातातून छिन्नी कधी सुटली नाही, त्या हातानं ती बरोबर त्या पोरीच्या हातून सुटली होती तिथे आणि तेवढीच सोडली होती.

“एकोणीस दिवस लागले,” ते म्हणाले. “चांगलं कोरायला एक दिवस लागला असता. पण जोडी तिच्या फुलाची व्हायला पायजे, माझ्या फुलाची नाय. चार वेळा फेकून दिली. चूक मुद्दाम करायची म्हंजे लय कठीण.”

दोन्ही फुलं एकमेकांकडे बघत होती. एक डाव्या कानाचं, एक उजव्या कानाचं. छतावरचा उजेड हळूहळू भिंतीवर उतरला होता, भरती परतायला लागली होती, आणि आम्ही दोघं शाई वाळेपर्यंत तसेच बसलो. मग ते उठले. तिच्या दोन आणि आपली एक, तिन्ही डाय फडक्यात बांधून माझ्या टेबलावर ठेवल्या.

“पुस्तकाबरोबर ठेव कपाटात. ती येईल तवा दे,” म्हणाले. दारापर्यंत जाऊन वळले. “फोटो पाठवतेस ना तू तिला?”

“तुम्हाला माहीत होतं?”

“नायतर ठसे कोणासाठी उठवत होतो?” म्हणाले, आणि गेले.

मी फोटो काढला. पहिला हलला, दुसरा काढला. पाठवला. स्नेहानं तो पाहिला हे मला दिसलं. बदाम आला नाही. काहीच आलं नाही. सातपर्यंत मी फोन टेबलावर ठेवून बसले होते, मग कुलूप लावलं. घरी जाऊन नवऱ्यावर उगाचच दोनदा ओरडले.

दुसऱ्या दिवशी चारला मी कुलूप काढत होते तर पायरीवर बायडी बसलेली. उभ्या आयुष्यात ती वाचनालयात आली नव्हती. म्हणाली, “ती वही दाव.” मी दाखवली. अक्षरांवरून तिनं नुसती नजर फिरवली, ठशांवरून मात्र एकेक करून बोट फिरवलं. ताट, गाठ, पावलं, छत्री. फुलांपाशी आल्यावर बोट थांबलं.

“काल सांजेला तिचा फोन आला,” ती म्हणाली. “माझ्यावर नाय, त्याच्या फोनवर. मी म्हटलं, आता जेवलात-जेवलो करून ठेवतील. तर पाऊण तास बोलला तो माणूस.”

“काय बोलत होते?”

“मला काय कळतंय त्यातलं? छिन्नी तिरपी धर, अंगठा खाली घे, हातोडी मनगटातनं मार, नजर टोकावर ठेव. मधीच हसत काय होता, मधीच डोळे पुसत काय होता. मी ताट वाढून ठेवलेलं, पार थंडगार झालं.”

“मग गरम करून दिलंस ना?”

“दिलं की,” बायडी म्हणाली. “दोनदा.”